कुंडीच्या काठावरची रांग

झाँ-आंरी फाब्र या माजी मास्तरांनी १८७९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्यां गावी जमीन घेतली. दगडगोट्यांची, काटेरी, शेतीला कुचकामी. पण गांधीलमाश्या, रानमाश्या तिथेच येत, म्हणून त्यांना ती हवी होती!

पाइनवरचे सुरवंट रेशमी धागा सोडत एकामागोमाग रांगेत चालतात. त्यांची रांग एकदा कुंडीच्या गोल काठावर चढली. फाब्र यांनी खालचा धागा पुसून टाकला. डोकं शेपटीला भिडलं आणि रांग सात दिवस तिथेच फिरत राहिली. थंडीत, उपाशी. आणि हा म्हातारा रोज पाहत, टिपून ठेवत होता. मला त्या पाहण्याचंच फार अप्रूप वाटतं.

आज भिंतीवर छोटा उड्या मारणारा कोळी दिसला, तर केरसुणी जरा बाजूला ठेवा. त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे बहुधा तुमच्याकडेच वळतील.