आधी त्या खुणा खोड

फोन खाली ठेव आणि समोर बस. चहा नंतर.

हा तक्ता ओळखतोस ना? सहा आठवड्यांपूर्वी याच टेबलावर बसून मी तो आखून दिला. अकरा प्रकरणं, प्रत्येकापुढे एक चौकोन. वाचून झालं की खूण करायची, एवढीच अट. आज तू आठ खुणा घेऊन आलास. मी त्या आठांतले चार प्रश्न विचारले. एकाचं उत्तर जेमतेम जुळलं, बाकी तीन चुकली; तू छताकडे बघितलंस आणि मग हसून म्हणालास, "बाई, हा बिझनेस एथिक्सचा पेपर म्हणजे सगळा कॉमन सेन्स आहे. मी सरळमार्गी माणूस, मला काय अवघड जाणार?"

त्या वाक्याचा मला जास्त राग आला. न वाचणं समजू शकते. दिवसभर बँकेच्या काउंटरवर उभं राहायचं, घरी सहा महिन्यांचं मूल, वर अर्धवट राहिलेली पदवी. थकलास तर चौकोन रिकामा ठेव. रिकाम्या चौकोनाबद्दल मी तुला एक शब्द बोलले नसते. पण सांगलीत एकतीस वर्षं हिशेबशास्त्र शिकवलं मी. रिकामी नोंद आणि खोटी नोंद यांतला फरक मला कळतो.

आता तुझ्या 'कॉमन सेन्स'कडे येऊ. मागून धडक बसून पेटणाऱ्या फोर्डच्या पिंटो गाडीचं प्रकरण विचारलं, तर तू काय म्हणालास? "फोर्ड कंपनी लोभी होती." हे उत्तर आहे? शंभर बहुपर्यायी प्रश्न आणि दोन तास असतात तुला. 'लोभी' नावाचा पर्याय त्यात नसतो. फोर्डमधल्या लोकांनी 1973 साली एक हिशेब मांडला. गाडी उलटली तर इंधन गळू नये म्हणून सुधारणा करायची, खर्च गाडीमागे 11 डॉलर. 1 कोटी 25 लाख गाड्यांचे झाले सुमारे 13 कोटी 70 लाख. दुसऱ्या बाजूला 180 मृत्यू, दर माणशी 2 लाख डॉलर. भाजलेले 180, प्रत्येकी 67 हजार. जळालेल्या गाड्या 2,100, प्रत्येकी 700. बेरीज सुमारे 4 कोटी 95 लाख. म्हणजे सुधारणा परवडत नाही. बेरीज तपासून बघ, बरोबर आहे. चूक बेरजेत नाहीच. आणि लोक सांगतात तसा तो कागद एकट्या पिंटोचा नव्हता, मागून बसणाऱ्या धडकेचाही नव्हता. अमेरिकाभरातल्या गाड्या आणि हलके ट्रक धरून सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्यासमोर मांडलेला तो हिशेब होता. तुझ्या फ्लॅशकार्डावर हे एका ओळीत कसं मावणार?

आता विचार कर. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं, हे तत्त्वज्ञ मिलचं माप लावून तो कागद बघ. मग माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, हे कांटचं माप लाव. मिलच्या मापानं निदान वाद घालता येतो, की 2 लाख हा आकडा कुणी ठरवला आणि वेदना कुठे मोजल्या. कांट त्या हिशेबातला 'माणूस' हा रकानाच मान्य करणार नाही. एवढं उमगलं की दोघांवरचे दहा प्रश्न तुला सुटतात. पाठ केलेल्या दोन व्याख्यांनी एकही सुटत नाही, कारण परीक्षेत प्रसंग देतात आणि त्यामागचा विचार कुणाचा ते विचारतात.

दुसरा प्रश्न होता परदेशी लाचलुचपतीच्या कायद्याचा. 1977 चा अमेरिकन कायदा. तू ठामपणे सांगितलंस, "परदेशी अधिकाऱ्याला एक पैसा दिला तरी गुन्हा." चूक. मिळणारच असलेलं ठरावीक सरकारी काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या रकमेला त्या कायद्यात अपवाद आहे. आपल्याकडे ज्याला चिरीमिरी म्हणतात, ती. कंत्राट मिळवायला दिलेला पैसा मात्र गुन्हाच. तुझ्या सरळ मनाला दोन्ही सारखंच वाईट वाटतं, वाटू दे. पण कायदा काय म्हणतो आणि नीती काय म्हणते, हे वेगवेगळं सांगता येणं हाच या विषयाचा पाया आहे. तो कॉमन सेन्सनं येत नाही, वाचून येतो.

आणि सरळमार्गी म्हणालास म्हणून सांगते. तू बँकेत काम करतोस, तेव्हा अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण तुला तोंडपाठ असायला हवं होतं. एकेका ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ-आठ सेवा मारायच्या, असं लक्ष्य वरून आलं. रोज आकडा विचारला जायचा. मग काउंटरवरच्या लोकांनी ग्राहकाला न विचारता खाती उघडली. 2016 च्या सप्टेंबरात 18 कोटी 50 लाख डॉलरचा दंड झाला, तोवर सुमारे 5,300 जणांच्या नोकऱ्या गेलेल्या होत्या. ते 5,300 लोक काय दरोडेखोर होते? तुझ्यासारखेच होते. घरी मूल, डोक्यावर हप्ते, आणि समोर भरायचे चौकोन. विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी चौकोन भरले.

तू काय केलंस? मला बरं वाटावं म्हणून चौकोन भरलेस. पैसा कुणाचा बुडाला नाही, मान्य. पण हात त्याच वळणावर गेला. लक्ष्य आखून देणाऱ्यांचा दोष मोठाच होता, आणि तक्ता आखून मी सहा आठवडे प्रश्न विचारले नाहीत, हा माझाही दोष. तो मी आजपासून दुरुस्त करते. तुझा तू कर.

एकट्यानं अभ्यास करायचा म्हणजे काय, ते अजून तुझ्या लक्षात आलेलं नाही. वर्गात असतास तर हजेरी होती, दर आठवड्याची चाचणी होती, शेजारी पुढे गेलेली मुलं दिसली असती. इथे विद्यार्थी तू, हजेरीपट तू, तपासनीसही तू. असं एकाच माणसाच्या हाती सगळं आलं की काय होतं? एन्रॉन कंपनीचं प्रकरण वाच. आर्थर अँडरसन ही नावाजलेली फर्म त्यांचे हिशेब तपासायची आणि त्यांनाच सल्लाही द्यायची. 2000 साली तपासणीचे अडीच कोटी डॉलर घेतले आणि बाकीच्या कामांचे 2 कोटी 70 लाख. जिथून सल्ल्याचे पैसे येतात तिथलं खोटं कोण बोलून दाखवणार? 2001 च्या डिसेंबरात एन्रॉन बुडाली. 2002 मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि तपासणाऱ्याला सल्ल्याची बरीचशी कामं बंद झाली. तपासणारा वेगळाच हवा, हे शिकायला एवढी किंमत मोजावी लागली. तुला ते फुकट सांगते आहे.

तेव्हा ऐक. प्रकरण वाचलं की पुस्तक मिट. कोऱ्या कागदावर पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिही. लगेच तपासायचं नाही. दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन परक्याचा पेपर असल्यासारखं तपास. पाचातली चार बरोबर आली तरच खूण. ओपनस्टॅक्सचं बिझनेस एथिक्सचं पुस्तक फुकट मिळतं, पैशाची सबब सांगू नकोस. दर दोन आठवड्यांनी एक पूर्ण सराव परीक्षा, घड्याळ लावून, एका बैठकीत. बायकोला सांग, फोन तिच्याकडे राहील. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पण सरावात मात्र अंदाजानं टाकलेल्या उत्तरापुढे फुली मार. बरोबर आलं तरी ते तुझं नाही.

आणि कॉलेजला विचारलंस का? नाही विचारलंस. या डीएसएसटी परीक्षेला अमेरिकन काउन्सिल ऑन एज्युकेशन तीन क्रेडिटची शिफारस करतं, पण ती शिफारसच. घ्यायचं की नाही आणि तुझ्या पदवीत कुठे धरायचं, हे तुझं कॉलेज ठरवणार. उद्या सकाळी रजिस्ट्रारला ईमेल कर आणि लेखी उत्तर माग. फी भरून पास झाल्यावर 'चालत नाही' कळलं, तर रडायला माझ्याकडे येऊ नकोस.

"200 ते 500 च्या मापात 400 पुरतात, बाकी कोण बघतं," असंही म्हणालास ना मघाशी? परीक्षेपुरतं खरं आहे. 400 ला क्रेडिट मिळेल. पण तू ही पदवी कशासाठी घेतोयस? काउंटरवरून आतल्या खोलीत बसायचं आहे तुला, इतरांना लक्ष्यं वाटून देण्याच्या जागी. त्या खुर्चीवर बसल्यावर समोरचा पोरगा भरलेला तक्ता घेऊन येईल. त्या खुणा खऱ्या की खोट्या, हे तुला ओळखता आलं पाहिजे. आणि तुझ्या आकड्याच्या धाकानं त्यानं खोट्या केल्या असतील, तर तेही. तेव्हा 400 कामाला येणार नाहीत.

तुझी आई माझ्या हाताखाली शिकली. एकदा तिचा ताळेबंद जुळेना. शेजारणीचा उतरवून घेणं सोपं होतं. तिनं न जुळलेला ताळेबंद तसाच दिला आणि खाली लिहिलं, फरक 40 रुपये, सापडला नाही. गुण मी कापले. ते पान मात्र अजून आठवतं मला.

घे हा खोडरबर. आठव्या प्रकरणापासून मागे ये. एकेक प्रकरण तोंडी सांग. जिथे अडशील तिथली खूण तुझ्या हातानं खोड. उरतील तेवढ्या तुझ्या. मी समोर बसले आहे, घाई नाही.