लवचिकतेचा अधिकार

नियमाला वाकू द्यावे काय, आणि दिल्यास कोठे, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न लहान यांत्रिक नौकेच्या इंजिनापाशीही उभा राहतो. गिअरबॉक्समधून निघालेली गती पाण्यातील पंख्यापर्यंत नेणारा पोलादी दांडा म्हणजे शाफ्ट, आणि गिअरबॉक्सला शाफ्टशी जोडणारा सांधा म्हणजे कपलिंग. हा सांधा दोन पोलादी चकत्या बोल्टांनी आवळून कठोर ठेवता येतो किंवा त्यांच्यामध्ये रबराची जाड चकती घालून लवचिक करता येतो. रबरी पायांवर बसवलेले एक-दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन मंद गतीत चांगलेच थरथरते, शाफ्ट मात्र मागच्या बेअरिंगमध्ये जखडलेला असतो. ही ओढाताण लवचिक सांधा पोटात घेतो.

त्याचा धोका याच गुणात आहे, कारण मुळात वाकडे बसवलेले इंजिनही तो काही काळ निभावून नेतो आणि झीज बेअरिंगला भोगावी लागते. म्हणून जाणता मेकॅनिक नौका पाण्यात स्थिरावू देतो, रबर बाजूला काढतो आणि पोलादी चकत्यांमधील फट चारही बाजूंनी फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजतो; १०० मिलिमीटर व्यासाला सुमारे ०.१ मिलिमीटर एवढाच फरक चालतो. रबराची पाळी त्यानंतर.

कायद्याचा सर्वसाधारण नियम विशिष्ट प्रसंगी अपुरा पडतो, हे सांगताना ॲरिस्टॉटलने लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकणाऱ्या, शिशाच्या पट्टीचा दाखला दिला. दाखला सुंदर आहे, पण त्यात मापच वाकते; नौकेत माप ताठ राहते आणि वाकतो तो केवळ भार सोसणारा भाग, हा भेद लहान नाही. महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्म, म्हणजे संकटकाळापुरता मान्य केलेला आचार, या दृष्टीने अधिक सावध दिसतो. दुष्काळात कुत्र्याचे मांस खाण्यास निघालेल्या विश्वामित्राशी तेथे दीर्घ वाद होतो, आणि नियमाची बाजू मांडतो तो ऋषी नव्हे, चांडाळ. अपवाद घडतो, पण नियम पुरता मोजून झाल्यावर.

तेव्हा रबरी पायांवरचे इंजिन आणि घट्ट बेअरिंग असलेल्या नौकेत, सरळ रेषा आधी साधली असेल तर, लवचिक कपलिंगचा खर्च सार्थ आहे. पक्क्या बैठकीवर थेट आवळलेल्या इंजिनाला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि वाकडेपणा झाकण्यासाठी तर ते घेऊच नये.