फुली स्थिर होईपर्यंत

बसा. घाई नाही, आज एकही छर्रा उडवायचा नाही.

एअर रायफल मांडीवर आडवी घ्या. आत छर्रा नाही, स्प्रिंग ताणलेली नाही, हे दोनदा तपासा. मग ती बाजूला ठेवा आणि नुसता स्कोप हातात घ्या. अंगावर ४×३२ असं काही कोरलेलं असेल. चार पटीने मोठं दिसणार, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर. ३२ ला ४ ने भागा. मागच्या भिंगातून डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत ८ मिलिमीटर रुंद आहे. आता ३-९×४० आठवा, दुकानात हमखास पुढे केला जातो तो. तो ९ पटीवर नेला की झोत साडेचार मिलिमीटरही उरत नाही, आणि डोळा जरासा सरकला की चित्राच्या कडेला काळी कोर येते.

पैसे बेताचे आहेत, तेव्हा स्वतःला विचारा, मला मोठं दिसायला हवंय की स्वच्छ? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हतीच. त्या प्रकारात ती चालत नाही. बारीक भोकातून पाहून नेम धरायचा असतो. मी तरी कमी पटीचा, पट न बदलणारा स्कोप घेईन आणि वाचलेले पैसे चांगल्या माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, घालीन.

आता डोळे मिटा. चाप ओढल्याची कल्पना करा, पण फार सावकाश. दबलेली स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे सरकते. दट्ट्या टोकाशी जाऊन थबकतो, आणि बंदूक पुढे हिसडते. एका बारात दोन हिसके, उलटसुलट. काडतुसाच्या रायफलीचा धक्का मुख्यतः मागेच बसतो, आणि तिच्यासाठी बांधलेला स्वस्त स्कोप हा पुढचा हिसका सोसत नाही. माझ्या पहिल्या स्कोपची फुली, म्हणजे नेम धरायच्या आडव्या-उभ्या तारा, काही दिवसांतच आतल्या आत तिरकी झाली. ‘सगळ्या बंदुकांना चालतो’ असं ऐकून मी तो घेतला होता. म्हणून पहिला प्रश्न पटीचा नको. हा स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी बनवलाय का, आणि १० मीटरवर स्पष्ट दिसतं का, हे विचारा. बरेच स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. त्यांतून इतकं जवळचं निशाण धूसर दिसतं आणि डोकं हलवलं की फुली त्यावरून सरकते. पुढच्या भिंगाचं कडं फिरवून अंतर जुळवता येणारा मिळाला तर तोच घ्या.

आता फुली तिच्या मध्यावर आणू. पुठ्ठ्याचं एक खोकं घ्या. समोरासमोरच्या दोन कडांना त्रिकोणी खाचा कापा आणि स्कोपची नळी त्यांत आडवी ठेवा. समोरच्या भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका काढा. खोकं सरकवून फुली ठिपक्यावर आणा. मग स्कोप खाचेतल्या खाचेत हळूहळू फिरवा आणि पाहत राहा. फुली ठिपका सोडून निघते, गिरकी घेते. अर्ध्या फेरीवर थांबा. ठिपक्यापासून ती जेवढी दूर गेली त्यातलं अर्धं अंतर टरेट, म्हणजे फुली हलवणारी स्कोपवरची बटणं, फिरवून भरून काढा, उरलेलं खोकं सरकवून. पुन्हा फिरवा. गिरकी लहान झाली आहे. पुन्हा. या साऱ्या खटाटोपात मला हा पाव तास सगळ्यात प्रिय आहे. बोटांखाली टरेटची टिकटिक, दुसरा आवाज नाही. आणि एका फेरीला नळी पूर्ण फिरते, फुली मात्र ठिपक्यावरून हलत नाही. बघत राहा तिच्याकडे थोडा वेळ. ती आता तिच्या मध्यावर आहे. पुढे वर-खाली, डावी-उजवीकडे न्यायला सारखीच जागा राहील.

रायफल घ्या. माउंट तिच्या पाठीवरच्या ११ मिलिमीटरच्या डोव्हटेल खाचांवर बसवा. स्टॉप पिन तिच्या भोकात गेली ना, बघा. तिच्याविना माउंट हिसक्यागणिक मागे घसरत राहील. स्कोप माउंटच्या रिंगांत ठेवा, स्क्रू सैलच असू द्या. डोळे मिटून गाल दस्त्यावर टेका, मान सैल सोडा. आता डोळा उघडा. पूर्ण गोल दिसला तर ठीक. कडेला काळं दिसलं तर मान पुढे काढू नका, स्कोप सरकवा, आणि पुन्हा डोळे मिटून पहिल्यापासून. तुमची मान जिथे आपोआप विसावते तिथे स्कोपने यायचं.

समोर ओळंबा टांगा. दोरीला बांधलेलं नट चालेल. त्याचं झुलणं थांबेपर्यंत थांबा. रायफल सरळ धरून फुलीची उभी तार दोरीवर आणा. मग ॲलन की घ्या आणि स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळा. रिंगेच्या दोन्ही फटी सारख्या राहू द्या. हात जड करू नका, पातळ नळीला पोचा पडतो. दर वेळी डोळा लावून दोरी बघा, कारण आवळताना स्कोप किंचित वळतो.

वळला असेल तर सैल करा. ओळंबा अजून टांगलेलाच आहे.