शनिवार, अकरा ते पाच

पाजपंढरीचा एक तांडेल आणि हर्णे बंदरात म्हावरं घेऊन दापोलीला विकणारी त्याची बायको, दोघांचं फाटलं. कारणं इथे सांगत नाही. ज्याची त्याला खरीच होती. नऊ वर्षांची मुलगी आईकडे राहिली. निकाल लागेपर्यंत बापाने दर शनिवारी अकरा ते पाच मुलीला भेटावं, असा आदेश खेडच्या कोर्टाने दिला.

शनिवारची सुट्टी कचेरीवाल्यांना. बोट चार-पाच दिवस बाहेर असते. परतायचं कधी ते वारा, मासळी आणि उरलेला बर्फ ठरवणार. तांडेल एका मंगळवारी खाऊ घेऊन दारात उभा राहिला, तर आतून उत्तर आलं, "कागदात शनिवार लिवलाय." मुलगी दप्तर पाठीला लावून उंबऱ्यातच थांबली. पुढचे शनिवार बाप समुद्रात. आईने कॅलेंडरवर लाल फुल्या मारल्या आणि ते कॅलेंडरच वकिलाकडे नेलं. मग दोन अर्ज पडले. त्याचा: बायको मुलीला भेटू देत नाही. तिचा: बाप येतच नाही, भेट बंद करा. कागदावर दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत.

१९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं तेरावं कलम मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असं सुप्रीम कोर्टाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात बजावलं होतं. वकिलांना हे पाठ असतं. अर्जात ते येतंही, पण उखाळ्यापाखाळ्या संपल्यावर.

न्यायाधीशबाईंनी मुलीला चेंबरमध्ये घेतलं. कोणाकडे राहणार, हे त्यांनी विचारलंच नाही.

"बाबांना शेवटचं कधी पाहिलंस?"

"परवा. लिलावात."

"मग बोललात काय?"

"बोललो नाय. बाबा पाट्या उतरवत होते, आई बोली लावत होती. मी आईच्या मागे होते."

बाईंनी दोघांना आत बोलावलं. आईला विचारलं, "यांची बोट लागली हे तुम्हाला कसं कळतं?"

"दलालाचा फोन येतो. बोट सुवर्णदुर्गाजवळ आली की."

"शनिवारीच येतो?"

"शनिवारचं काय त्यात? बोट येईल त्या दिवशी."

"आणि तुम्ही जाता?"

"जायलाच लागतं. नायतर पापलेट दुसरी उचलते..." बोलता बोलता ती स्वतःच अडखळली.

मुलांबाबतचे आदेश वेळोवेळी बदलायची मुभा हिंदू विवाह कायद्याच्या २६व्या कलमात आहे. बाईंनी शनिवार खोडला. बोट लागेल त्या दिवशी बापाने फोन करायचा. मुलगी संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या शाळेपर्यंत त्याच्याकडे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. तेव्हा आठवडे वाटून घ्यायचे.

पहिल्याच खेपेला फोन राहिला. बॅटरी उतरली होती. तांडेल तसाच दारात आला, चार शब्द ऐकायची तयारी ठेवून. आईने दप्तर त्याच्या हातात दिलं.

"उद्या गणिताची चाचणी हाय. सतराच्या पाढ्याला अडते ती. तेवढं बघा."

"सतराचा मला तरी कुठं येतो?"

"मग दोघं मिळून पाठ करा."