आकाशपाळण्याचे जुनेपण

जालना जिल्ह्यातील राजूरसारख्या तीर्थक्षेत्री यात्रेच्या निमित्ताने उभा राहणारा आकाशपाळणा दर मुक्कामी सुटा केला जातो, पुन्हा जोडला जातो, आणि त्याचे बेअरिंग, नटबोल्ट, बैठका झिजतील तशा बदलत गेल्याने काही वर्षांनी त्यात मूळचे फारसे उरत नाही. तरीही मालक त्याला जुनाच पाळणा म्हणतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाच्या उदाहरणाने हेच पटवतो: चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे, ‘रथ’ ही त्यांच्या जुळणीला दिलेली प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारापुरते नाव होय. मात्र धातूचा थकवा, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या ताणाने पोलादात सूक्ष्म तडे वाढत जाणे, नावाला जुमानत नाही. खोपोलीजवळ 2013 साली सुरू झालेल्या इमॅजिकातील ‘नायट्रो’सारखा रोलर कोस्टर गावोगाव सुटा होत नाही, म्हणून अशा यंत्रांचे सांधे न उघडताच कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी तपासण्याची पद्धत आहे. नवा खेळ निवडताना मालकापुढे गर्दी खेचण्याचाच विचार राहतो (ते स्वाभाविकही आहे). परंतु पाळण्यात बसणाऱ्याची श्रद्धा वस्तुतः अनोळखी जोडाऱ्याच्या पान्यावर असते, आणि तपासणी टाळून यंत्रापुढे केवळ नारळ फोडणारा मालक त्या श्रद्धेचा अपराधी ठरतो.