नाटक वाचावे की पाहावे?

अभिजात नाटक वाचावे की पाहावे, असा प्रश्न रसिकांमध्ये वरचेवर निघतो. इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम याने १८११ साली आपला कौल वाचनाच्या बाजूने दिला. शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ रंगमंचावर साकारणे शक्यच नाही, असे त्याचे मत होते. रंगमंचावर दिसतो तो पावसात काठी टेकीत अडखळणारा एक म्हातारा; वाचताना मात्र आपण स्वतःच लिअर होतो, असे तो म्हणे.

लॅमच्या काळची रंगभूमी ध्यानी घेतली, तर त्याची तक्रार समजू शकते. १६८१ साली नेहम टेट या लेखकाने या नाटकाचा शेवटच बदलून टाकला होता. मूळ नाटकात लिअरची धाकटी, सत्यवचनी कन्या कॉर्डेलिया हिला बंदिवासात फाशी दिली जाते आणि तिच्या प्रेतापाशी वृद्ध राजाही प्राण सोडतो. टेटच्या नाटकात ती जगते, तिचा विवाह ठरतो आणि बापाला राज्य परत मिळते. प्रेक्षकांना हा गोड शेवट इतका रुचला, की १८३८ साली मॅक्रेडी या नटाने मूळ संहितेकडे वळेपर्यंत बहुतेक प्रयोगांत तोच चालू राहिला. त्या दीडशे वर्षांत शेक्सपिअरचे खरे शब्द ग्रंथानेच जपले.

म्हणून ग्रंथ श्रेष्ठ ठरतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. डॉ. जॉन्सनसारख्या विद्वानाने लिहून ठेवले आहे, की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा धक्का त्याला असा बसला, की संपादनासाठी वाचणे भाग पडेपर्यंत अखेरचे प्रवेश त्याने पुन्हा वाचले नाहीत. ग्रंथ सत्य जपतो, पण तो मिटता येतो. रंगमंचावर बाप मेलेल्या लेकीला हातांवर घेऊन येतो, तेव्हा पान उलटण्याची सोय नसते. त्याचा आक्रोश संपेपर्यंत आपल्याला त्याच्यासमोर बसून राहावे लागते. दुसऱ्याच्या दुःखापाशी असे बसणे ही लहान गोष्ट नव्हे.

याच लिअरची छाया शिरवाडकरांच्या १९७० सालच्या ‘नटसम्राट’वर आहे. मुलांना सारे वाटून टाकणारे आणि मग त्यांच्याच घरी नकोसे झालेले बेलवलकर पाहताना किती जणांचे डोळे भरून आले असतील! परंतु नाट्यगृहातले अश्रू घरी पोहोचेपर्यंत वाळतात. शिवाय नटाच्या आवाजाने भारलेले मन एकाच पक्षाचे होऊन जाते. तेच नाटक घरी सावकाश वाचावे. मग सुनेची नाराजी, मुलांची ओढाताण आणि म्हाताऱ्याचा हट्ट, सारेच दिसू लागते. आणि यांपैकी आपण कोण, हा प्रश्नही समोर उभा राहतो.

तेव्हा नाटक पाहावे आणि वाचावेही. पाहताना दुःखाजवळ थांबण्याची सवय लागते, वाचताना न्यायाने विचार करण्याची. आपल्या घरातील वृद्धांना आपल्याकडून या दोन्ही गोष्टी हव्या असतात. नाट्यगृहात डोळे पुसून त्यांचे भागत नाही.