अभिमन्यूला आत कोणी पाठविले?

कर्म करणारा एक आणि करविणारा दुसरा, असा भेद आपल्या शास्त्रकारांनी केला आहे. फळाचा वाटा दोघांनाही पडतो. पण करणारा अजाण असेल तर दोषाचे ओझे करविणाऱ्याकडेच अधिक झुकते. हे सांगायला पंडित नको, शेतावरचा गडीही सांगेल. या विचाराची आठवण होण्याचे कारण म्हणजे मोटारसायकलच्या शर्यती आणि त्यांत उतरणारी कोवळी मुले.

5 ऑगस्ट 2023 रोजी चेन्नईजवळ राष्ट्रीय शर्यतीत बेंगळूरुचा 13 वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. त्यापूर्वी 2021 साली युरोपात चार महिन्यांत तीन स्वार गेले. मे महिन्यात इटलीत मुजेल्लो येथे 19 वर्षांचा, जुलैत स्पेनमध्ये आरागोन येथे 14 वर्षांचा, सप्टेंबरात हेरेझ येथे 15 वर्षांचा. जून 2024 मध्ये ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या मार्गावर पडून जो गेला, तो अर्जेंटिनाचा मुलगा अवघा 9 वर्षांचा. आपल्याकडे आठव्या वर्षी मुंज करतात. म्हणजे मुंज होऊन वर्ष झालेले पोर!

येथे पूर्वपक्ष असा येतो की, कोणतीही विद्या लहानपणीच अंगी लागते. मृदंगावर सातव्या वर्षी हात बसला तरच पुढे बोल उमटतात. मग यांनीच का थांबावे? शिवाय उघड्या रस्त्यापेक्षा शर्यतीचा मार्ग बरा. तेथे समोरून ट्रक येत नाही, अंगावर चामड्याचा पोशाख असतो, डोक्यावर शिरस्त्राण असते, डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी असते. आणि मुख्य म्हणजे मुलालाच हौस आहे.

यातील पुष्कळसे खरे आहे, ते आम्ही मानतो. धाडस हा दुर्गुण नव्हे. पण मृदंगाचा बोल चुकला तर गुरुजी हात धरून पुन्हा वाजवून घेतात. वळणावर चुकलेल्या मुलाला पुन्हा शिकविण्याची सवड मिळेलच असे नाही. पोशाख घसरण्यापासून राखतो, मागून येणाऱ्या यंत्राच्या धडकेपासून राखीलच असे नाही. आरागोनचा मुलगा पडला आणि बाजूला होण्याच्या आत मागच्या वाहनाने त्याला गाठले. त्या मागच्या स्वाराचा तरी काय दोष? डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे होऊन जाते.

आता भारतातील द्रोणपर्व आठवा. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे ठाऊक नव्हते. त्याने ते लपविले नाही, स्वच्छ सांगितले. त्याला उत्साहही होता. तरी धर्मराज म्हणाले, तू वाट कर, आम्ही पाठोपाठ आहोतच. वचन खोटे नव्हते, मनापासून दिलेले होते. पण जयद्रथ आडवा आला आणि वडीलधारे बाहेरच राहिले. पोर पडल्यावर धर्मराजांनी शोक केला तो कशाचा? ज्या बाळाला जेवणात, वाहनात, अलंकारात पुढे करायचे, त्याला आम्ही युद्धात पुढे केले, याचा. मुलाने हट्ट धरला होता, असे म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. मुलाची हौस ही मुलाची संमती नव्हे. ज्याला मरण म्हणजे काय हेच कळत नाही, तो मरणाच्या जोखमीला हो कसे म्हणणार?

युरोपातील त्या मृत्यूंनंतर 2021 च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरविले की, 2023 पासून जागतिक शर्यतीत किमान वय 18 असावे. त्यात थोडे अपवाद ठेवले, आणि लहानांच्या शर्यतीत एका वेळी सुटणाऱ्यांची संख्याही कमी केली. शहाणपण आले, पण तिसऱ्या चितेनंतर आले. आपला कायदा रस्त्यापुरता स्पष्ट आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालक वा मालक दोषी धरला जातो. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. हेच ते करविणाऱ्याचे दायित्व! दहीहंडीतही 14 वर्षांखालील मुलांना थरांवर चढविणार नाही, असे शासनाने 2017 साली मुंबई उच्च न्यायालयात सांगितले. गोपाळकाला म्हणजे आपल्या घरचाच सोहळा. तेथे आपण हे मान्य केले, मग इतर ठिकाणी का कचरावे?

वेगाचे वेड आपल्यालाही आहे, बरे का. वारीत रिंगणाला अश्व धावू लागला की म्हाताऱ्याचेही पाय उचलतात. पण त्याच क्षणी बाप काय करतो? लेकराला मागे ओढून पायाशी धरतो. बघू देतो, टापांखाली जाऊ देत नाही.

म्हणून ज्या आईबापांचे पोर या वाटेला लागले आहे, त्यांनी एकांतात स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही हौस मुलाची की आपली राहून गेलेली? उद्या तो 'मला भीती वाटते' म्हणाला, तर झालेल्या खर्चाचा हिशेब न काढता आपण त्याला घरी आणू का? आणि वेग शिकविणाऱ्याने पडावे कसे, थांबावे कसे, माघार कशी घ्यावी, हे आधी शिकविले आहे का? तिन्हींची उत्तरे स्वच्छ असली तरी यंत्र लहान असावे, संगतीला गर्दी थोडी असावी, आणि मोठ्या शर्यतीला वय येऊ द्यावे. चार वर्षे थांबल्याने विद्या बुडत नाही.

विठ्ठल विटेवर उभा आहे तो वाट पाहत. थांबण्यात कमीपणा नाही, एवढे आपण वारकऱ्यांनी तरी मुलांना सांगावे.